आठवी ते दहावीच्या मुलग्यांसाठी लैंगिक आरोग्यावरचं मराठी साहित्य हवं आहे

नमस्कार मंडळी,

मी मराठवाड्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. शाळेला जोडून मुलांचं वसतिगृह आहे. बऱ्याच पोरांचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ते कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे गाळप हंगाम संपल्यावरच परततात, त्यामुळे नेमकं वयात येताना घरचं कुणी जवळ नसतं.

मुलींसाठी थोडंफार तरी होतं. आशाताई, सिस्टर येतात, पाळीबद्दल बोलतात, पॅड देतात. तेवढा वेळ मुलांना मैदानावर पिटाळलं जातं. त्यांच्याशी बोलायला कुणी येत नाही.

म्हणून नाव न घालता चिठ्ठ्या टाकायला वर्गात एक पेटी ठेवली. वाचून पोटात कालवलं. जवळपास सगळ्या चिठ्ठ्यांत भीतीच होती. झोपेत वीर्य गेलं म्हणजे काही रोग झालाय का? हस्तमैथुनाने नजर जाते का, पुढे मूल होत नाही का? माझं इतरांपेक्षा लहान आहे, औषध आहे का? एकाने तर एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या 'गुप्तरोग' जाहिरातीतल्या नंबरला फोन केला होता आणि पलीकडच्याने त्याला हजारो रुपयांचा 'कोर्स' सांगितला होता. पैसे कुठून आणायचे म्हणून पोरगं झुरत होतं.

मी वर्गात सांगतो की वीर्य शरीरात तयार होतच राहतं, ते गेल्याने रक्त आटत नाही, अशक्तपणा येत नाही, या वयात झोपेत स्खलन होणं नैसर्गिक आहे. पोरं ऐकतात, पण वर्गात सगळ्यांसमोर पुढचा प्रश्न कोण विचारणार? एकट्याने वाचता येईल असं छापील काहीतरी त्यांच्या हातात द्यायचं आहे. दहावीच्या विज्ञान भाग 2 मध्ये प्रजननसंस्था आहे, आकृत्या चांगल्या आहेत, पण या चिठ्ठ्यांची उत्तरं तिथे नाहीत. आणि दहावीपर्यंत थांबायचं कशाला?

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 पासून आहे, तो 10 ते 19 वयाच्या मुलामुली दोघांसाठी आहे, सरकारी दवाखान्यांत किशोरवयीनांना सल्ला देणारी मैत्री क्लिनिकही असतात, हे मला ठाऊक आहे. गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग यांच्या, तरुण मुलामुलींशी लैंगिकतेवर बोलणाऱ्या 'तारुण्यभान' शिबिरांबद्दल ऐकलंय, पण गडचिरोली आमच्यापासून फार लांब. र. धों. कर्व्यांनी 1927 मध्ये 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक आरोग्यावर मोकळेपणाने लिहिणारं मासिक सुरू केलं आणि 1953 पर्यंत पदरमोड करून चालवलं. त्याच मराठीत आज चौदा वर्षांच्या पोराला देण्याजोगी साधी पुस्तिका मला सापडू नये, याचं फार वाईट वाटतं.

मला हवंय ते असं: सोपी बोलीच्या जवळची भाषा, ब्रह्मचर्याचे उपदेश नकोत, भीती घालणारी चित्रं नकोत. संमती आणि पोक्सोबद्दल (अठराच्या आतल्या मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) स्पष्ट माहिती हवीच. अठराच्या आतल्या मुलीचा होकार कायदा धरत नाही, हे आमच्या पोरांना माहीत नसतं. तोच 2012 चा कायदा मुलग्यांनाही संरक्षण देतो आणि कुणी त्रास दिला तर 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करता येतो, हेही त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. वसतिगृहात राहणाऱ्यांना तर हे आधी कळायला हवं. ऑडिओ असेल तर उत्तमच, काही पोरं वाचनात कच्ची आहेत.

दुसरी अडचण परवानगीची. 2007 साली राज्यात शाळांतल्या लैंगिक शिक्षणाला बंदी झाली होती, ती धास्ती जुन्या मंडळींच्या मनातून गेलेली नाही. मुख्याध्यापक 'पालक काय म्हणतील' म्हणतात, आणि पालक तर फडात. ज्यांनी आपल्या शाळेत हे करून दाखवलंय त्यांनी कृपया सांगा, शालेय व्यवस्थापन समितीपुढे विषय कसा मांडलात? पालकांची संमती फोनवर घेतली तर चालते का? आणि बीड, परळी, माजलगाव भागात मुलग्यांशी मोकळेपणाने बोलणारे कुणी डॉक्टर किंवा समुपदेशक ओळखीचे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. येण्याजाण्याचा खर्च आम्ही शिक्षक मिळून करू.