प्रवासभत्ता रोखीने की बसने?

कंपनीने घर ते ऑफिस प्रवासाचे दरमहा ३००० रुपये पगारात द्यावेत, अशी एक मागणी असते. मागणी रास्तच आहे, पण रोख भत्ता हातात पूर्ण पडत नाही. या भत्त्यावरची १६०० रुपयांची मासिक करसवलत २०१८-१९ पासून गेली (अपंग कर्मचाऱ्यांना मात्र सवलत राहिली). ३० टक्के कराच्या टप्प्यात उपकरासह ९३६ रुपये कापले जातात, उरतात २०६४. उलट कंपनीने घर ते ऑफिस बस दिली तर ती करपात्र सुविधा धरत नाहीत. त्यामुळे जिथे पन्नासेक लोक एकाच पट्ट्यातून येतात तिथे बसच मागा. विखुरलेले असतील तर मात्र बस दीड तास फिरवते आणि लोक सोडून देतात.

जपानमध्ये कायद्याची सक्ती नसूनही बहुतेक कंपन्या स्वस्त मार्गाच्या पासाची रक्कम देतात. महिना दीड लाख येनपर्यंत ती करमुक्त असते.

भत्ता मूळ पगारातून कापून नवं नाव दिलेला तर नाही ना, हे आधी पगारपत्रकात बघा. तसं असेल तर पीएफ आणि ग्रॅच्युइटी दोन्ही घटू शकतात. शिवाय ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) असलेल्यांचा येता-जाता अपघात झाला, तर वेळ-ठिकाणाचा कामाशी संबंध सिद्ध झाल्यास तो कामावरचाच धरतात.