नवी थार देऊन जुनी जिप्सी घ्यावी का?

मानपाडा_नाका

माझ्याकडे महिंद्राची २०२१ ची थार आहे. डिझेल, मॅन्युअल, हार्ड टॉप. गाडीबद्दल एकही तक्रार नाही. तरी ती विकून मारुतीची जिप्सी किंग घ्यावी असं बरेच दिवस मनात घोळतंय. आता थारला चांगलं गिऱ्हाईक आलंय, त्यामुळे निर्णय लांबवता येत नाही. सोसायटीत पार्किंग एकच मिळतं, म्हणून 'दोन्ही ठेवा' हा सल्ला सोडून बोला.

माझी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी, जाते कुठे, तर मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या पुढे आमची भातशेती आहे तिथे. डांबरी सोडली की बैलगाडीची वाट. दोन्हीकडे बांध, मध्ये चिखल, पावसाळ्यात आडवा ओढा. या वाटेला १३० अश्वशक्ती लागत नाही, आटोपशीर अंग लागतं. थार १८२० मिमी रुंद, जिप्सी १५४० मिमी. लांबीला दोघी चार मीटरच्या आसपास, पण रुंदीत २८ सेंटिमीटरचा फरक आहे आणि बांधाच्या कडेने चाक काढताना तो पुरेपूर कळतो. शिवाय जिप्सी एक टनाच्या आतबाहेर, थार दीड टनाच्या बरीच पुढे. जड गाडी भाताच्या चिखलात रुतली की चाक फिरवाल तेवढी खाली बसत जाते. हलकी गाडी दोन माणसं आणि एक फळी एवढ्यावर बाहेर निघते.

दुसरं, दुरुस्ती. जिप्सीला पुढे-मागे कमान पाटे, सरळसोट ॲक्सल, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा साधा ट्रान्सफर केस. मुरबाडचा मिस्त्री ही गाडी डोळे झाकून उघडतो. नव्या गाडीत दिवा लागला तर स्कॅनर जोडेपर्यंत कोणालाच काही सांगता येत नाही.

तिसरं कारण मला सगळ्यांत जवळचं. जिप्सीला डिफ लॉक नाही, म्हणजे एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारी सोय नाही. घसरणारं चाक ब्रेकने आवरणारा ट्रॅक्शन कंट्रोलही नाही. तिरक्या चढावर एक पुढचं आणि एक मागचं चाक हलकं झालं की ती थांबते. म्हणून आधी उतरून वाट पायी बघावी लागते. दगड कुठला पक्का, माती कुठे पोकळ, चाक कुठून घ्यायचं, हे सगळं आधी ठरवून मग गाडी घालायची. मला अशी गाडी चालवायची आहे.

सानपाडा_स्टेशन

मी स्पष्टच लिहिते. शेताची वाट किती, आणि त्याआधी महामार्ग ६१ किती? कल्याण ते माळशेज या पट्ट्यात ट्रक, एसटी, दुधाच्या गाड्या आणि ओव्हरटेक करणारे उतावळे, सगळे समोरासमोर असतात. माणसं चिखलात मरत नाहीत, ती अशा रस्त्यांवर मरतात.

तुमच्या थारला टक्कर चाचणी घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेने २०२० साली मोठ्यांसाठी चार आणि मुलांसाठीही चार तारे दिले. दोन एअरबॅग, जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी एबीएस, मागे पुढच्या दिशेला तोंड केलेल्या सीट, त्यांना पट्टे. जिप्सीत मागे काय? समोरासमोर दोन आडवे बाक, पट्टा नाही. २०१९ मध्ये एबीएस, एअरबॅग आणि टक्कर चाचणीचे नियम सक्तीचे होत गेले, आणि त्याच सुमारास जिप्सीची सर्वसामान्यांसाठीची विक्री थांबली. घरात मुलं असतील तर मला हा वादाचा विषयच वाटत नाही.

खारघर_टेकडी

सानपाडाताई, सुरक्षेचं पटतं. पण मानपाडासाहेबांची गाडी आठवड्याचे पाच दिवस काय करते तेही बघा. घोडबंदर रोडवर मेट्रोचं काम, माजिवड्याची रांग, पहिला-दुसरा गियर. बीएस-६ या नव्या प्रदूषण नियमांच्या डिझेल गाडीत काजळी धरून ठेवणारा डीपीएफ हा फिल्टर असतो, आणि ती काजळी जळून जायला गाडी अधूनमधून सलग वेगात पळवावी लागते. ठाण्यातल्या ठाण्यात फिरणाऱ्या माणसाने एवढं आधुनिक डिझेल बाळगावंच कशाला? जिप्सीचं १.३ लिटरचं साधं पेट्रोल इंजिन अशा वापराला बरं. ते मारुतीच्याच जुन्या एस्टीमच्या इंजिनाच्या घराण्यातलं आहे, सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडला आजही मिळतात.

मी तर घ्याच म्हणेन. गावाकडे डोंगरातल्या वस्तीवर जाणारी माणसं इतकी वर्षं याच गाडीवर विसंबून राहिली, ती काय उगाच?

कळवा_खाडी

थोडं थांबा. 'साधी गाडी' म्हणताना गल्लत होतेय. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या जिप्सीलाही ईसीयू हा इंजिनाचा संगणक आहे, सेन्सर आहेत. खरोखर साधी हवी असेल तर कार्बोरेटरवाली बघावी लागेल, म्हणजे गाडी आणखी जुनी. आणि एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या पेट्रोलमधलं २० टक्के इथेनॉल धरून बनवलेल्या आहेत, त्याआधीच्या बहुतेक नाहीत. जुन्या गाडीत इंधनाचे रबरी पाइप आणि सील बदलून घ्यावे लागतील, नाहीतर पेट्रोल कुठे झिरपतंय हे नाकाला कळेपर्यंत वेळ गेलेली असेल.

दुसरा मुद्दा रुंदीचा. अरुंद गाडी बांधावर सोयीची, मान्य. पण तीच गाडी आडव्या उतारावर लवकर कलंडते. उंच अंग, जवळजवळ चाकं आणि ताठ पाटे. महामार्गावर एकदम स्टिअरिंग फिरवावं लागलं तरी हाच प्रश्न. तुम्ही २८ सेंटिमीटर वाचवताय म्हणता, मी म्हणतो तेवढा तोल गमावताय.

तिसऱ्या कारणाबद्दल तर मला खरंच समजत नाही. नव्या थारमध्येही फोर बाय फोरचा दांडा हातानेच ओढायचा असतो, लो रेंज, म्हणजे संथ पण जोरदार गियर, आपणच टाकायची असते. उतरून वाट बघायला थारने कधी अडवलंय?

मानपाडा_नाका

कळवासाहेब, ईसीयूचा मुद्दा बरोबर. पण मोजके सेन्सर असलेली गाडी आणि पॉवर विंडोपासून ब्रेकपर्यंत सगळं एकमेकांत गुंतलेली गाडी यांत फरक आहेच. थार अडवत नाही हेही खरं. पण गरज नसली की माणूस उतरत नाही. चाक घसरलं की गाडी स्वतःच ब्रेक लावून ताकद दुसऱ्या चाकाकडे वळवते, आणि आपण पुढे निघून जातो. शेतावर वडील अजूनही पावसाआधी वाट चालून येतात, कुठे खचली ते सांगतात. मला त्यांच्याबरोबर चालायचंय.

सानपाडाताई, शेतावर मी आणि वडील जातो, पुढच्या दोन सीट. मुलं मे महिन्यात आणि दिवाळीत, तीही भावाच्या गाडीतून. मागच्या बाकावर मी कोणाला बसवणार नाही.

वागळे_इस्टेट_१६

माझा रोजचा संबंध जुन्या गाड्यांशी, म्हणून कागदांचं लिहितो. यात लोक जास्त फसतात.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची केंद्राची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये, आणि २० वर्षांपुढच्या गाडीला ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लावावी लागते, ती लागली आहे का बघा.

दिल्ली पासिंगची गाडी स्वस्त सांगतील. स्वस्त असते कारण तिथे १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाडीवर बंधनं आहेत. इकडे आणायची तर एनओसी, कराचा फरक, नवा नंबर. लष्कराच्या लिलावातली असेल तर लिलावाचे मूळ कागद आणि आरसीवरचा शासी नंबर जुळल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका. ठाण्याच्या एमएच-०४ किंवा नवी मुंबईच्या एमएच-४३ ची, एका हातातली, मूळ स्थितीतली गाडी मिळाली तर दोन पैसे जास्त मोजा. मोठे टायर, उचललेलं सस्पेन्शन, कापलेलं बंपर असलेली नको. उत्पादकाच्या मूळ नोंदीत नसलेले बदल चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितलंय, पासिंगला अडकाल.

आणि मुंबई महानगर क्षेत्रात पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे तपासायला राज्याने जानेवारी २०२५ मध्ये समिती नेमली होती. उद्या काही नियम आला तर त्याची झळ आधी जुन्या गाडीला लागेल. मी घेऊ नका म्हणत नाही, पण पुढची दहा वर्षं वापरीन असं धरून चालू नका.

खारघर_टेकडी

मग पहिल्या पिढीची थार का नको? २.५ लिटरचं सीआरडीई डिझेल इंजिन, १०५ अश्वशक्ती, डीपीएफची कटकट नाही, २०१५ नंतरच्या गाडीत मागे डिफ लॉक.

मानपाडा_नाका

तिचा विचार करून झाला. वजन पुन्हा तेच, मागे बाक पुन्हा आडवे, एअरबॅग पुन्हा नाहीत. आताची थार देऊन तिच्याकडे जाण्यात मला दोन्हीकडचं नुकसान दिसतं.

सानपाडा_स्टेशन

तुम्ही मागे कोणाला बसवणार नाही म्हणता, त्यावर माझा विश्वास आहे. पण ज्या मे महिन्यात भाऊ येऊ शकणार नाही, तेव्हा? मुलं शेतावर जायचा हट्ट धरतील, पार्किंगमध्ये एकच गाडी उभी असेल आणि ती जिप्सी असेल. 'आजच्यापुरतं' म्हणून बसवलं जातं. आणि एवढं करूनही पुढच्या सीटवर तुम्ही आणि तुमचे वडील आहातच. सत्तरीच्या माणसाला एअरबॅग नको असते का?

मानपाडा_नाका

वडिलांचा मुद्दा मी धरलाच नव्हता. मुलांसाठी कल्याणहून एसटी आहे, थेट टोकावड्याला उतरवते, ते जमेल. वडिलांना मात्र एसटीने पाठवून मी मोकळ्या गाडीत जाणं शक्य नाही.

थारचं गिऱ्हाईक पंधरा दिवस थांबायला तयार आहे. नाशिककडे एक एमएच-१५ ची, एका हातातली जिप्सी आहे. वागळेसाहेबांनी सांगितलेलं सगळं तपासतो. पुढच्या सीटला तीन टोकांचे पट्टे नसतील किंवा शासी गंजलेली असेल तर तिथूनच परत. सगळं नीट निघालं तर वडिलांना शेजारी बसवून कसारा घाट चढवून बघतो आणि मग त्यांनाच विचारतो.

वागळे_इस्टेट_१६

शासीला रंग नव्याने फासलेला असेल तर समजून जा. पाट्यांचे हँगर जिथे शासीला जोडलेत आणि मागच्या बाकाखालचा पत्रा, या दोन जागी स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. इकडची हवा खारी, नाशिकची कोरडी, म्हणून तिकडची गाडी बघताय ते चांगलं. पुढची चाकं ॲक्सलला जोडणारे-सोडणारे फ्री व्हीलिंग हब असतील तर दोन्ही हाताने फिरवून बघा, आणि लो रेंज टाकून उलट-सुलट दोन्हीकडे चालवा.

सानपाडा_स्टेशन

माझं मत तेच आहे, थार ठेवा. पण वडिलांना नुसतं विचारू नका. आधी त्यांना मागच्या बाकाचा आणि एअरबॅगचा फरक दाखवा, मग विचारा.