मदत हवी आहे: लोअर आर्मचे बोल्ट चाकं लटकलेली असताना आवळायचे की गाडी चाकांवर उभी असताना?

गाडीच्या पुढच्या दोन्ही बाजूंचे लोअर आर्म (चाकाला खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे दांडे) बदलायचं काम घेतलंय. जुन्या आर्मांचे बुश (सांध्यातले रबरी तुकडे) फाटले होते. ब्रेक दाबला की स्टिअरिंग एका बाजूला ओढायचं आणि खड्ड्यातून जाताना खालून ठक्क आवाज यायचा. नवे आर्म जागेवर बसलेत, सगळे बोल्ट आरपार गेलेत, पण अजून नुसते टेकवून ठेवलेत. शेवटचं आवळणं बाकी आहे. गाडी स्टँडवर आहे, दोन्ही चाकं काढलेली, आर्म खाली लटकलेले.

सर्व्हिस मॅन्युअल हाताशी आहे. त्यात माझ्या गाडीसाठी दिलेले आकडे असे: आर्मच्या पुढच्या बुशचा आडवा बोल्ट १२ किलोग्रॅम-बल मीटर, मागच्या बुशचा उभा बोल्ट १४ आणि बॉल जॉइंटची (आर्मच्या चाकाकडच्या टोकाच्या गोल सांध्याची) दांडी आवळून धरणारा बोल्ट ६. माझा टॉर्क रेंच न्यूटन मीटरचा आहे, ४० ते २१० पर्यंतचा, लावलेला टॉर्क (आवळण्याचा पीळ) आला की टक् आवाज करणारा. ९.८१ ने गुणून मी ११८, १३७ आणि ५९ असे आकडे काढलेत. हे बरोबर आहे ना, एवढं आधी कुणीतरी तपासून सांगा.

खरी अडचण पुढे आहे. मॅन्युअल म्हणतं की बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर असतानाच पूर्ण आवळा. गाडी जमिनीवर उतरवली की खाली रेंच फिरवायला जागाच उरत नाही. एका अनुभवी मेकॅनिकला विचारलं तर ते म्हणाले, इम्पॅक्ट गनने लटकत्या अवस्थेतच घट्ट करा, आम्ही नेहमी तसंच करतो. त्यांच्या हाताखालून कितीतरी गाड्या गेल्या असतील, त्यामुळे त्यांचं म्हणणं सहज उडवून लावता येत नाही. पण मॅन्युअलमधली सूचना कुणी उगाच लिहिणार नाही, असंही वाटतं. वजनावर आवळण्यामागचं कारण काय, आणि घरी ते सुरक्षितपणे कसं साधायचं?

आणखी दोन शंका. नव्या आर्मसोबत बोल्ट आले नाहीत, म्हणून जुनेच वापरतोय. डोक्यावर १०.९ लिहिलंय, आटे शाबूत आहेत, थोडा गंज होता तो तारेच्या ब्रशने काढला. पुन्हा गंजू नयेत म्हणून आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू का? आणि पुढच्या बोल्टवर सॉकेट सरळ बसत नाही. रेंचच्या टोकाला उघड्या तोंडाचा जोडपाना लावावा लागेल. त्याने टॉर्कचा आकडा बदलतो का?

प्रतिसाद १

गुणाकार बरोबर आहे. आता कारण सांगतो, ते कळलं की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

तुमच्या आर्मचा पुढचा बुश काढून पाहिला असेल तर त्यात दोन नळ्या दिसल्या असतील. बाहेरची आर्ममध्ये दाबून बसवलेली, आतली बोल्टभोवतीची, आणि दोन्हींच्या मध्ये रबर, दोन्हीकडे कायमचं चिकटवलेलं. बोल्ट आवळला की आतली नळी सबफ्रेमच्या (आर्म ज्याला जोडतात त्या गाडीखालच्या चौकटीच्या) दोन कानांत जखडली जाते. ती फिरत नाही, फिरायला नकोच. चाक वर-खाली होतं तेव्हा आर्म हलतो तो निव्वळ रबर पिळलं जाऊन. बेअरिंगसारखं घसरणारं तिथे काहीच नाही.

आता समजा आर्म ३५० मिलिमीटर लांब आहे आणि लटकल्यावर त्याचं टोक उभ्या गाडीपेक्षा ९० मिलिमीटर खाली येतं. म्हणजे साधारण १५ अंशांचा फरक. लटकत्या अवस्थेत बोल्ट आवळला तर रबराची मोकळी, बिनपिळाची स्थिती तिथे ठरून गेली. गाडी खाली उतरवताक्षणी रबर १५ अंश पिळलं गेलं आणि गाडी नुसती उभी असली तरी ते तसंच पिळलेलं राहणार. वरून प्रत्येक खड्डा त्यात भर घालणार. नवे बुश लवकर फाटतात त्याचं हे एक मोठं कारण. शिवाय पिळलेलं रबर स्प्रिंगसारखं आर्मला खाली ढकलत राहतं, त्यामुळे गाडी किंचित उंच उभी राहते आणि मग अलाइनमेंटचे (चाकांच्या कोनांचे) आकडेही खरे येत नाहीत.

तुमच्या मेकॅनिकना दोष देत नाही. बोल्ट त्या पद्धतीनेही घट्टच होतो, सुटून पडत नाही. नुकसान होतं ते बुशचं, आणि ते काही महिन्यांनी दिसतं. तेव्हा त्याचा संबंध आवळण्याशी कुणी जोडत नाही.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला एक पुरवणी. हा नियम फक्त रबर बुशमधून जाणाऱ्या बोल्टसाठी आहे. बॉल जॉइंट आणि स्टॅबिलायझर लिंकचे (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या स्टॅबिलायझर बारच्या टोकांच्या छोट्या दांड्यांचे) नट लटकत्या अवस्थेत आवळले तरी चालतात, कारण तिथे सांधा मोकळा फिरतो. उलट बॉल जॉइंटचा ५९ वाला बोल्ट तुम्ही गाडी उतरवण्याआधीच पूर्ण आवळून घ्या. बॉल जॉइंटच्या दांडीला एक खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतूनच आरपार जातो. बोल्ट हाताने सहज आत जात नसेल तर दांडी पूर्ण वर बसलेली नाही असं समजा. ठोकून घालू नका, आटे जातील.

मागच्या उभ्या बोल्टबद्दल: आर्म वर-खाली होतो तेव्हा तो बुश स्वतःच्या अक्षाभोवती फारसा पिळला जात नाही, थोडा तिरपा होतो. त्यामुळे उंचीचा परिणाम तिथे आडव्या बोल्टइतका होत नाही. तरी मॅन्युअल दोन्हींसाठी वजनावर म्हणत असेल तर दोन्ही तसेच आवळा, वेगळा त्रास काहीच नाही.

प्रतिसाद ३

तेल-ग्रीसच्या प्रश्नावर थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे चांगल्या हेतूने बोल्ट खराब होतात.

रेंचवर जो जोर आपण लावतो त्यातला साधारण निम्मा नट-बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, आणखी ४० टक्क्यांच्या आसपास आट्यांच्या घर्षणात. बोल्ट ताणून पकड निर्माण करायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. आपल्याला हवी असते ती पकड, आणि मोजतो मात्र आपण टॉर्क. म्हणून घर्षण बदललं की तोच आकडा वेगळी पकड देतो.

हिशेब करून पाहा. १२ मिलिमीटरचा बोल्ट, १२० न्यूटन मीटर, कोरड्या आट्यांसाठी टॉर्कचा गुणांक (घर्षणावर अवलंबून असणारा K) ०.२ धरला तर पकड येते सुमारे ५०,००० न्यूटन, म्हणजे पाच टनांच्या वर वजनाइतकी. तेल लावून हाच गुणांक ०.१५ झाला तर तोच १२० चा टॉर्क ६६,००० च्या पुढे ताण देतो. १०.९ चा अर्थ असा की बोल्टच्या पोलादाचा तुटण्याचा ताण १००० मेगापास्कल आणि त्याच्या ९० टक्क्यांवर तो कायमचा लांबायला लागतो. त्या आकाराच्या बोल्टला ६६,००० न्यूटन त्या सीमेच्या बऱ्यापैकी जवळ नेतात, आणि वर आवळताना बसणारा पीळ असतोच. तेव्हा मॅन्युअल तेल लावा असं स्पष्ट म्हणत नसेल तर आटे स्वच्छ आणि कोरडे ठेवा. गंजाची भीती असेल तर आवळून झाल्यावर बाहेर राहिलेल्या आट्यांवर मेण किंवा ग्रीस फासा, आधी नाही. बुशच्या आतल्या नळीत बोल्टचा जो गुळगुळीत दांडा जातो त्याला ग्रीसचा हलका हात चालेल, फक्त ते आट्यांपर्यंत आणि डोक्याखाली येऊ देऊ नका.

जुने बोल्ट वापरण्याबद्दल: मॅन्युअलमध्ये नुसता टॉर्क दिलाय, पुढे "आणि ९० अंश" असं काही नाही, हे नीट पाहून घ्या. अंशात आवळायचे बोल्ट मुद्दाम ताणले जातात, त्यांतले बरेच एकदाच वापरायचे असतात. नुसता टॉर्क असेल आणि बोल्टचा दांडा गंजाने खाल्लेला नसेल तर बोल्ट पुन्हा चालतो. नट मात्र बदला, विशेषतः आत नायलॉनचं कडं असलेले. ते हाताने सहज फिरू लागले की त्यांची धरून ठेवण्याची ताकद गेलेली असते.

धागाकर्ता

फार उपयोगी माहिती. मॅन्युअलमध्ये अंश दिलेले नाहीत, नुसते टॉर्कचेच आकडे आहेत. नट नवे आणतो.

आता उंचीचं. गाडी वर आहे, उभी असतानाची उंची हाताशी नाही. जॅक आर्मखाली लावून तो वर उचलला तर किती उचलायचा हे कसं ठरवू? आणि बुशचे बोल्ट नुसते टेकवलेले असताना गाडी खाली उतरवणं धोक्याचं नाही ना?

प्रतिसाद १

बॉल जॉइंट पूर्ण आवळलेला आणि बुशचे बोल्ट नटासकट आरपार असतील तर उतरवायला हरकत नाही. बोल्ट निसटत नाही, फक्त आतली नळी मोकळी फिरते, आणि आपल्याला तेच हवंय. अट एकच: त्या अवस्थेत गाडी चालवायची नाही. हब नट (चाकाच्या मधोमधचा मोठा नट) सुटा केला असेल तर तोही आधी पूर्ण आवळा. सैल हब नटवर गाडीचं वजन आलं तर व्हील बेअरिंगला मार बसतो.

चाकं लावा, त्यांचे नट आवळा, गाडी सपाट जमिनीवर उतरवा. हातांनी थोडी पुढे-मागे ढकला आणि बॉनेट दोन-चारदा दाबून सोडा, म्हणजे चाकं बाहेर सरकतील आणि स्प्रिंग आपल्या जागी बसेल. मग चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने सरळ उभं अंतर मोजा. दोन्ही बाजूंचं लिहून ठेवा. हीच तुमची उंची. आता गाडी पुन्हा स्टँडवर घ्या, चाक काढा आणि हबच्या मध्यापासून तेच अंतर येईपर्यंत आर्म वर आणा.

एक गोष्ट इथे बऱ्याच जणांना अडवते. एकाच बाजूला जॅक लावला तर स्टॅबिलायझर बार विरोध करतो, कारण दुसरं चाक लटकलेलं असतं. हवी ती उंची यायच्या आतच गाडी त्या बाजूच्या स्टँडवरून उठायला लागते. म्हणून दोन्ही बाजू एकदम उचला, किंवा दोन्हीकडच्या लिंक तात्पुरत्या सोडा.

प्रतिसाद ४

मी आर्मखाली जॅक लावायच्या बाजूने नाही. आर्म तिरका असतो, वर जाताना त्याचा कोन बदलतो आणि जॅकची वाटी घसरू शकते. त्यात स्प्रिंगची ताकद साठलेली असते आणि आपलं डोकं नेमकं तिथेच. चाकांखाली घालायचे रॅम्प मिळत असतील तर ते घ्या. पुढची दोन्ही चाकं रॅम्पवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी. गाडी चाकांवरच उभी आहे, रबर आपोआप बरोबर स्थितीत आहे, मोजमाप लागत नाही आणि रेंच फिरवायला जागा मिळते. फक्त रॅम्पवर गाडी इंजिनावर चढवू नका, बोल्ट अजून सैल आहेत. चाकं उचलून त्यांच्याखाली रॅम्प सरकवा आणि मग हळू खाली टेकवा.

जॅकनेच करणार असाल तर लाकडाचा सपाट ठोकळा मध्ये घाला, बॉल जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ पण त्याच्या रबरी टोपीला न लागता. स्टँड जागेवरच राहू द्या. जॅकच्या भरवशावर अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली नको.

जोडपान्याबद्दल: तो रेंचच्या दांड्याला काटकोनात लावला तर आकडा बदलत नाही असं धरून चाला. सरळ रेषेत पुढे लावला तर लांबी वाढते आणि बोल्टवर जास्त टॉर्क जातो. मग हवा तो टॉर्क गुणिले रेंचची लांबी भागिले एकूण लांबी. मुठीच्या मध्यापासून चौकोनी टोकापर्यंत ४५ सेंटिमीटर आणि पुढे जोडपाना ५ सेंटिमीटर असेल तर ११८ ऐवजी रेंचवर १०६ लावायचे. सॉकेटखालची उभी एक्स्टेन्शन दांडी या हिशेबात धरायची नाही, तिने काही फरक पडत नाही.

जोर मुठीवरच द्या, संथ आणि एकसारखा. ४५ सेंटिमीटरवर ११८ म्हणजे हाताला साधारण २७ किलोचा जोर लागेल. त्याहून फारच कमी किंवा फारच जास्त वाटलं तर थांबा आणि रेंचची मांडणी पुन्हा तपासा. पहिला टक् आला की सोडा. खात्रीसाठी आणखी दोनदा टक् करायची सवय अनेकांना असते, त्याने बोल्ट दर वेळी थोडा पुढे सरकतो. आणि शक्य तिथे बोल्टचं डोकं दुसऱ्या पान्याने धरून नट फिरवा.

धागाकर्ता

रॅम्पचीच पद्धत वापरतो. शेवटची शंका: थोडं चालवल्यावर बोल्ट पुन्हा तपासायचे का? आणि तपासताना रेंच त्याच आकड्यावर लावून टक् आला की बरोबर, असं मानायचं का?

प्रतिसाद ३

टक् येणं पुरेसं नाही. बसलेल्या बोल्टला पुन्हा हलवायला सुरुवातीचं घर्षण जास्त लागतं, त्यामुळे तो थोडा सैलावला असला तरी टक् येऊ शकतो. त्यापेक्षा आता आवळून झालं की नट, बोल्टचं टोक आणि शेजारचा पत्रा यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढा. शे-दीडशे किलोमीटरनंतर खाली वाकून पाहा. रेघ सलग असेल तर हात लावायची गरज नाही. तुटलेली दिसली तर नट पूर्ण सैल करून, चाकांवर वजन असतानाच, पहिल्यापासून आवळा. अलाइनमेंट मात्र या फेरतपासणीची वाट न पाहता, बोल्ट आवळल्यावर लगेच करून घ्या. आर्म बदलल्यावर टो (वरून पाहता पुढची चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) बदललेला असतो आणि टायर फार लवकर घासतात.