मुलीच्या लेखातली भाषा ‘शुद्ध’ करू का?

प्रश्न

मी बीड जिल्ह्यात सातवीला मराठी शिकवते. माझ्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांचे आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, ते थेट उन्हाळ्यातच परततात. शाळेच्या हस्तलिखितासाठी ‘माझी आई’ हा विषय दिला होता. बहुतेकांनी गाईडातला मायेचा सागर उतरवून आणला. एका मुलीने मात्र पाऊण पानच लिहिलं, आणि त्यात हे होतं:

‘माय मोळी डोक्यावर घिऊन फळीवरून टरकात चढती. फळी वाकती तवा म्या डोळे झाकीते.’

गेल्या साली ती फडावर होती. यंदा हंगामी वसतिगृहात राहिली आहे.

आमच्या एका सहकाऱ्यांनी लाल पेनाने ते असं केलं: ‘आई उसाची मोळी घेऊन ट्रकमध्ये चढते. तेव्हा मला खूप भीती वाटते.’ त्यांचा हेतू वाईट नाही. पुढे परीक्षेत मार्क कापले जातील, ही त्यांची काळजी खरी आहे. पण दुसरं वाक्य वाचलं आणि माझ्या डोळ्यांसमोरची फळीच गेली.

आणखी एक अडचण आहे. तिने मुकादमाचं, म्हणजे तोडणीची टोळी नेणाऱ्याचं नाव आणि त्याच्याकडून आधीच घेतलेल्या पैशांचा, उचलीचा आकडाही लिहिलाय. उचल अजून फिटलेली नाही. हस्तलिखित गावात फिरतं. काय करू?

उत्तर १

मॅडम, मी कोपीत, ऊसतोड्यांच्या झोपडीत, वाढलेला माणूस आहे. पाचवीत मी लिहिलं होतं की माय वाढे विकून मीठमिरची आणते. गुरुजींनी ‘वाढे’ खोडून ‘चारा’ केलं. चारा कुणाच्याही गोठ्यात असतो. वाढे म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. तोडणाऱ्याला तो मिळतो आणि त्याच्या पेंढ्या विकून रोजचा खर्च निघतो. त्यानंतर मी निबंधात घरचं काही लिहिलं नाही, सगळे निबंध पाठ करूनच लिहिले. तिचा एक शब्दही हलवू नका. परीक्षेची मराठी वेगळी शिकवा, तीही तिला यायलाच हवी.

मुकादमाचं नाव मात्र काढा. सुट्टी संपली की तुम्ही शाळेत असाल, तिचे आईबाप त्याच्याच टोळीत असतील.

उत्तर २

मी पुण्यात ग्रंथालयात काम करते. मुक्ता साळवेची आठवण झाली. फुल्यांच्या शाळेत शिकणारी, मांग समाजातली, जेमतेम चौदा वर्षांची मुलगी. मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये दोन अंकांत छापून आला. बाळंत होणाऱ्या बायकांच्या घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडी-पाऊस-वारा तसाच अंगावर येतो, असं तिने त्यात लिहिलंय. ते छप्पर वाचणाऱ्याच्या मनातून हलत नाही. तुमच्या मुलीच्या फळीचंही तसंच आहे. वर्गात तो निबंध जरूर वाचून दाखवा. आपल्या वयाच्या मुलीने हे लिहिलं आणि ते छापलं गेलं, हे पोरांना कळू द्या.

उत्तर ३

आमच्याकडे डहाणूला वेगळीच तऱ्हा. वारली चित्रांना २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना त्याआधी, २०११ मध्ये, पद्मश्री मिळाली. त्याचा अभिमान आहेच. पण स्पर्धा आली की पाड्यावरच्या पोरांकडून चित्रात तारपा या वाद्यावरचा नाचच हवा असतो. आमच्या एका मुलाने गेरूच्या रंगावर तांदळाच्या पिठाने लोकल गाडी काढली, दाराला लटकलेल्या त्रिकोणी माणसांसकट. परीक्षक म्हणाले, ‘हे वारली नाही.’ तो पोरगा वारली, चित्र त्याचं, रोज बघतो ती गाडीही त्याचीच!

म्हणून एक सांगतो. या लेखाचं कौतुक झालं की तिच्याकडून दर वेळी फडाचंच दुःख मागू नका. तिला पतंगावर लिहावंसं वाटलं तर लिहू द्या.

प्रश्नकर्तीचं उत्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. लाल पेनाचं पान बाजूला ठेवलं आणि तिला कोरा कागद दिला. मुकादमाच्या नावाचं तिच्याशी बोलले. ती म्हणाली, ‘मायला इचारते.’

आई सध्या कर्नाटकात आहे. काल संध्याकाळी माझ्या फोनवरून लेकीने तिला अख्खा लेख वाचून दाखवला. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. नाव काढ, आकडा काढ, एवढं तिने लगेच सांगितलं. मग बराच वेळ काहीच बोलली नाही. शेवटी विचारलं, ‘तू डोळे झाकीत व्हतीस व्हय गं?’