मेरिदाहून चिचेन इत्साला जाताना इझामालला थांबावं का?

नौपाडेकर_मुग्धा:
डिसेंबरात मेक्सिकोला जातोय. आम्ही दोघं आणि सासूबाई. मुक्काम मेरिदाला. गाडीवाला म्हणतो, चिचेन इत्साच्या प्राचीन अवशेषांच्या वाटेवर इझामाल गावाला तासभर थांबू, फोटो काढू आणि निघू. सासूबाईंचे गुडघे दुखतात, शिवाय त्या अंडंही खात नाहीत. त्या गावात पिवळ्या रंगवलेल्या भिंतींपलीकडे काही आहे का?

पारसिक_हिल:
ताई, तासाभरात काही हाती लागणार नाही. अख्खी सकाळ द्या.

तिथला ख्रिस्ती मठ ज्या उंच चौथऱ्यावर आहे ना, तो मायांचा, म्हणजे तिथल्या मूळ लोकांचा, पिरॅमिडच आहे. १५४९ मध्ये फ्रान्सिस्कन साधूंनी त्यावर बांधकाम काढलं, तेही तिथल्याच देवळाच्या दगडांत. भिंती नीट निरखा, चक्रव्यूहासारखी नक्षी कोरलेले दगड मध्येच दिसतात. मी तर हात लावून उभाच राहिलो होतो.

दिएगो दे लांडा हा स्पॅनिश साधू या मठाचा प्रमुख होता. त्याने १५६२ मध्ये मानी गावात मायांच्या पोथ्या जाळल्या. जगात आता चारच उरल्यात! पुढे त्यानेच मायांच्या चालीरीती लिहून ठेवल्या, आणि त्यातल्या अक्षरांच्या नोंदीचा आधार घेऊन १९५२ मध्ये युरी क्नोरोझोव्ह या रशियन अभ्यासकाने माया लिपीची उकल सुरू केली. तरीही मला त्या माणसाचा राग येतो तो येतोच.

उत्तरेला थोडं चाललं की किनिच काकमो हा दुसरा माया पिरॅमिड. चौतीसेक मीटर उंच, वर चढू देतात. पायऱ्या खडबडीत आहेत, सासूबाईंना नेऊ नका. मठाच्या अंगणाभोवती कमानींची ओवरी आहे, तिथे सावलीत त्या निवांत बसतील.

घणसोलीची_सुगरण:
जेवणाचं बघून घ्या हं. तिकडे राजम्यासारख्या काळ्या घेवड्यातही डुकराची चरबी असते. मागवतानाच 'सिन मान्तेका, सिन कार्ने', म्हणजे चरबी नको, मांस नको, असं म्हणा. पापाद्झुलेस, म्हणजे मक्याच्या पोळीच्या गुंडाळ्या, शाकाहारी म्हणून सुचवतील, पण आत उकडलेली अंडी असतात. सिकिल पाक मात्र जरूर मागवा. भाजलेल्या भोपळ्याच्या बिया आणि टोमॅटोची चटणी, मक्याच्या चिप्सबरोबर. आमच्या घरी आता भाकरीबरोबर होते.

नौपाडेकर_मुग्धा:
दोघांचे मनापासून आभार. मग चिचेन इत्सा त्याच दिवशी दुपारी जमेल?

पारसिक_हिल:
नको. ते दुसऱ्या दिवशी ठेवा आणि दार उघडताच आत शिरा. दुपारचं ऊन सासूबाईंना सोसणार नाही, आणि कानकुन या पर्यटन शहरातून येणाऱ्या बसही तेव्हाच येऊन थडकतात.