दोन नंबरच्या टॅपला लोण्याचा वास, पहिला ग्लास तर पिववतच नाही (इंदूर)

काउंटर_विजयनगर

नमस्कार. विजयनगर भागात भावाचं रेस्तराँ आहे, काउंटर मी सांभाळते. ड्राफ्ट बिअरचे तीन टॅप आहेत. एक आणि तीनची कधी तक्रार आली नाही. दोन नंबरच्या लागरला मात्र महिनाभरापासून वास येतोय, तोही अगदी वितळलेल्या लोण्याचा, बटरस्कॉचच्या गोळीसारखा. आधी मला वाटलं किचनमधल्या पावभाजीच्या तव्याचाच वास असेल. पण नाही, ग्लासातच आहे, आणि घोट गिळल्यावर मागून जरा आंबट लागतं. दुपारी उघडल्यावरचा पहिला ग्लास सगळ्यात वाईट. रात्री गर्दी असली की फारसं कळत नाही. चैत्रातल्या नवरात्रात विक्री अगदीच बसली होती, त्यानंतरच हे सुरू झालं.

केग (बिअरचं पिंप) दोनदा बदलून घेतला. पुरवठादार म्हणतो माल चांगला आहे. लाइन, म्हणजे केगपासून टॅपपर्यंतची नळी, आम्ही दर सोमवारी कडक गरम पाण्याने धुतो. मागच्या आठवड्यात किचनमधल्या मुलाने मला न विचारता फरशी पुसायचं ब्लीच पाण्यात घालून त्याच लाइनमधून सोडलं. आता लोण्याच्या जोडीला दवाखान्यासारखा वासही येतो.

शनिवारी आमचे एक नेहमीचे काका आले. दोन घोट घेतले, ग्लास बाजूला सरकवला, पैसे ठेवले आणि काही न बोलता गेले. ते रागावले असते तरी चाललं असतं. तेव्हापासून माझं मन लागत नाहीये. सुरुवात कुठून करू?

माळव्यातला_मी

केगच खराब असणार. आत्ता इथे ४२ अंश ऊन आहे, ट्रकमध्ये केग तापतात. पुन्हा बदलून मागा.

लाइनवाला_काका

ताई, केग परत पाठवायच्या आधी थांबा. बारचे चिलर आणि लाइन बसवण्यात माझी बावीस वर्षं गेली आहेत. तुम्ही लिहिलेल्या एका गोष्टीतच निम्मं उत्तर आहे: पहिला ग्लास वाईट, पुढचे बरे.

हिशेब करून बघा. पाव इंची लाइन नऊ मीटर असेल तर तिच्यात पाव लिटरहून थोडी जास्त बिअर मावते. म्हणजे दुपारचा पहिला ग्लास हा जवळजवळ सगळाच रात्रभर लाइनमध्ये पडून राहिलेल्या बिअरचा. दोष केगमध्ये असता तर पहिला काय आणि दहावा काय, सारखेच लागले असते. खात्री करायची असेल तर स्वच्छ कपलरला (केगच्या तोंडावर बसणारा जोड) हातभर नवी नळी आणि पिकनिकचा छोटा टॅप लावून थेट केगमधून अर्धा ग्लास काढा आणि दोन नंबरच्या टॅपच्या ग्लासाशेजारी ठेवून चाखा. माळव्यातल्या भाऊंचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. ब्रुअरीत किण्वन अर्धवट राहिलेली बिअर तापली तर केगमध्येही हा वास तयार होतो. पण मग तो थेट केगमधून काढलेल्या ग्लासातही सापडेल.

लोण्याचा वास म्हणजे डायअ‍ॅसिटिल. लाइनमध्ये पेडिओकॉकस किंवा लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू बसले की ते हा वास देतात आणि सोबत आंबटपणाही. नुसता व्हिनेगरसारखा आंबट वास असता तर मी टॅपच्या तोंडाकडे बोट दाखवलं असतं, कारण व्हिनेगर करणाऱ्या जिवाणूंना हवा लागते. गरम पाण्याने यातलं काही जात नाही. आतल्या भिंतीला बुळबुळीत थर धरतो, पाणी त्याच्यावरून वाहून जातं.

ब्लीच गेलेली लाइन मात्र काढूनच टाका. तो वास प्लास्टिकमध्ये मुरतो. नवी नळी घाला, पैशाकडे बघू नका. मग दर १४ दिवसांनी बिअर लाइनसाठी मिळणारं कॉस्टिक सोड्याचं क्लीनर, २ टक्क्यांचं द्रावण, कोमट पाण्यात. पंपाने फिरवत असाल तर १५ मिनिटं, नुसतं भरून ठेवत असाल तर निदान २०. त्याच वेळी टॅप उघडून एकेक भाग ब्रशने घासा. कपलरही. लोक लाइन धुतात आणि टॅप तसाच ठेवतात, हे मी शेकडो वेळा पाहिलंय आणि दर वेळी जीव हळहळतो. शेवटी साध्या पाण्याने धुऊन पीएच पट्टीवर बघा, बाहेर येणारं पाणी नळाच्या पाण्यासारखंच दाखवलं पाहिजे. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कॉस्टिकला हात लावायचा नाही, आणि तोवर टॅपच्या दांड्याला ‘बंद’ अशी पाटी बांधून ठेवायची.

आणखी एक, लाइन कुठून जाते ते सांगा.

डेअरीतला_माणूस

मी दुधाच्या प्लांटवर काम करतो, बिअरमधलं कळत नाही, पण पाइप धुण्यातलं कळतं. आमच्याकडे पाइपात दुधाचा दगड, म्हणजे क्षारांचा टणक थर, धरतो. बिअरचाही असाच दगड धरतो, तो कॅल्शियम ऑक्सलेटचा. कॉस्टिकने चिकट थर जातो, दगड जात नाही, त्याला आम्लच लागतं. बिअरच्या लाइनला दर तीन महिन्यांनी आम्लाची धुलाई पुरते असं वाचलंय. आम्ही कॉस्टिक चांगलं कढत फिरवतो, पण आमचे पाइप स्टीलचे. तुम्ही प्लास्टिकच्या लाइनवर ते करू नका.

त्या मुलाला समोर बसवून सांगा की ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद खोलीत माणूस गुदमरतो. यात हयगय नको. आणि नर्मदेचं पाणी ज्या दिवशी येतं त्याच दिवशी धुवा. बोअरचं पाणी जड, त्यात क्लीनर नीट काम करत नाही.

काउंटर_विजयनगर

काका, दादा, मनापासून आभार. नऊ दिवसांनी लिहितेय, कारण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

केगमधली बिअर एकदम स्वच्छ निघाली. पुरवठादाराला मी नाही नाही ते बोलले होते, फोन करून माफी मागितली.

मग दोन नंबरचा टॅप पान्याने उघडला. आत वॉशरभोवती तपकिरी साय होती. नखाने ओढली तर तार निघाली, पिकलेल्या केळ्याच्या सालीच्या आतून निघते तशी. नाकाजवळ नेली आणि तोच वास! कपलरच्या रबरी कडेलाही तसंच. हे आम्ही लोकांना पाजत होतो, त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

नळी नवी घातली. तिन्ही लाइन कॉस्टिकने धुतल्या, टॅप मी स्वतः घासले. लोण्याचा वासही गेला, दवाखान्याचाही. रविवारी दुपारचा पहिला ग्लास मीच चाखला.

लाइनचं विचारलंत ना? एक आणि तीन छतावरून जातात. दोन नंबरची भिंतीतून जाते, आणि त्या भिंतीला पलीकडून तंदूर लागून आहे! सियागंजातून थर्मामीटर आणला. कूलरमध्ये ३ अंश, त्या टॅपचा पहिला ग्लास १४. तरीच फेस जास्त यायचा आणि मुलं गॅसचा दाब वाढवत बसायची. गुरुवारी मिस्त्री येतोय, लाइन छतावरून घ्यायची आहे. काका, वरून साधा फोम गुंडाळला तर पुरेल, की ग्लायकॉलची (न गोठणाऱ्या द्रवाची) थंड नळी सोबत न्यावीच लागेल? एकूण साडेसात मीटर होईल.

लाइनवाला_काका

साडेसात मीटर आणि इंदूरचा मे महिना, नुसता फोम पुरणार नाही. फोम थंडी धरून ठेवतो, तयार करत नाही, रात्रभरात आतली बिअर खोलीइतकीच तापते. ग्लायकॉलची जाणारी आणि येणारी नळी बिअरच्या लाइनला चिकटून न्या आणि तिन्हीवर मिळून फोम चढवा. टॅपच्या बुडापर्यंत न्यायची बरं का, मिस्त्री शेवटची वीतभर सोडून देतात. गुरुवारी मी मोकळा आहे, इथे निरोपात पत्ता टाका, येऊन बघतो.