लॅपटॉपची रॅम स्वतः बसवावी का?

धागाकर्ता:
माझा लॅपटॉप ८ जीबी रॅमचा. पंधरा-वीस टॅब आणि एखादी मोठी एक्सेल फाइल उघडली की टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ९४ टक्क्यांवर जाऊन बसायची आणि टाइप केलेलं अक्षर दोन सेकंदांनी उमटायचं. तिथेच 'स्लॉट वापरात: २ पैकी १' असंही दिसत होतं. मग मागचं झाकण उघडून ८ जीबीची आणखी एक स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, मीच बसवली. पाऊण तास लागला, पण त्यातला बहुतेक वेळ झाकणाच्या प्लास्टिकच्या खिट्ट्या सोडवण्यात गेला. रॅमला दोन मिनिटं. तिरकी धरून स्लॉटमध्ये सरकवायची, सोनेरी पिना जवळजवळ दिसेनाशा झाल्या की खाली दाबायची, दोन्ही बाजूंचे चिमटे टक्‌ करून बसतात. एवढ्यासाठी मशीन दुसऱ्याच्या हातात कशाला द्यायचं? ज्याला स्क्रू ड्रायव्हर धरता येतो त्याने हे घरीच करावं.

प्रतिसाद १:
साफ असहमत. मी दुरुस्तीच्या टेबलावर बसतो, त्यामुळे फसलेली कामंच माझ्याकडे येतात, हे आधीच मान्य करतो. पण ती येतात. डीडीआर४ आणि डीडीआर५ या रॅमच्या दोन वेगळ्या पिढ्या, तरी डीडीआर४ च्या स्लॉटमध्ये डीडीआर५ ची स्टिक दाबून बसवायचा प्रयत्न केलेले लॅपटॉप मी पाहिलेत. एकीला २६० पिना, दुसरीला २६२, मधली खाचही वेगळ्या जागी. तरी माणूस जोर लावतो आणि स्लॉटच तडकतो. मग अख्खा मदरबोर्ड. दुसरं म्हणजे बॅटरीचा कनेक्टर न काढता आत हात घालणं. तिसरी स्थिर वीज. बोटाला चटका जाणवतो तेव्हा ती हजारो व्होल्टची असते, चिपला त्याहून कितीतरी कमी पुरते. आणि चिप लगेच मरतेच असं नाही. अर्धवट दुखावलेली स्टिक महिन्याभराने फाइली खराब करायला लागते, तेव्हा कोणाला रॅम आठवत नाही.

प्रतिसाद २:
तुम्ही दोघं स्लॉट असलेल्या मशीनबद्दल भांडताय, माझ्या लॅपटॉपमध्ये स्लॉटच नाही. रॅम बोर्डवर सोल्डर केलेली. २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये हेच होतं, आता पातळ लॅपटॉपमध्ये सर्रास दिसतं. घेताना जेवढी घेतली तेवढ्यावरच मशीनचं आयुष्य काढायचं, हे मला अजिबात पटत नाही. २०२३ च्या शेवटी कॅम२ हे नवं मानक आलं, त्यात एलपीडीडीआर, म्हणजे कमी वीज खाणारी, एरवी सोल्डरच केली जाणारी मेमरीसुद्धा स्क्रूने बसवता-काढता येते. खरेदी करताना आपण हे विचारायला लागलं पाहिजे.

धागाकर्ता:
@१, बॅटरीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. मी ती आधी काढली होती. पण चुकीची स्टिक जाऊच नये म्हणून तर खाच दिलीय ना? जोर लावावा लागला की थांबायचं, एवढं कळलं की पुरे. मला वाटतं लोक घाबरतात ते पहिल्या काळ्या स्क्रीनला. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा सुरू होताना मशीन मेमरीची जुळवणी करतं, त्यात काही मिनिटं जाऊ शकतात. तेवढ्यात बटण दाबून बंद करू नका.

प्रतिसाद ३:
८ ला ८ जोडली हे बरं केलंत. सारख्या जोडीमुळे ड्युअल चॅनेल मिळतं, म्हणजे दोन्ही स्टिकवरून एकाच वेळी डेटा जातो-येतो. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसून ग्राफिक्स मुख्य प्रोसेसरच्या आतलंच असेल तर गेममध्ये फरक डोळ्यांना दिसतो.

प्रतिसाद १:
खाच असते, थांबणारा माणूस नसतो, हा माझा अनुभव. बरं, झाकण लावताना स्क्रू जागच्या जागी गेले का? लांब स्क्रू आखूडच्या जागी गेला तर आतून कीबोर्डला टोचतो. कागदावर लॅपटॉपची आकृती काढून ज्याचा स्क्रू त्याच जागी चिकटवून ठेवायचा. आणि मेमटेस्ट८६ ही रॅम तपासणारी चाचणी रात्रभर चालवलीत का? एक जरी एरर आली तरी स्टिक परत करा, 'चालतंय तर चालू दे' म्हणू नका.

धागाकर्ता:
स्क्रू जागेवर आहेत. मेमटेस्ट नव्हती चालवली. आज रात्री लावतो, सकाळी इथेच कळवतो.